खानदेशातील रेल्वे उपाहारगृहांची भांडी : संग्रहविषय आणि इतिहासाचे साधन

प्रस्तावना

भारतातील रेल्वेचा इतिहास सामान्यतः मार्ग, पूल, बोगदे, इंजिने आणि भांडवल यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली, या घटनेपासून प्रारंभ करून लोहमार्गांच्या विस्ताराची वर्षे नोंदविणे हा या लेखनाचा रूढ क्रम आहे. रेल्वेने प्रवाशाच्या दैनंदिन जीवनात कोणते बदल घडविले, तो कोठे बसला, काय जेवला, कोणाच्या हातचे पाणी प्याला, या प्रश्नांकडे मात्र तुलनेने कमी लक्ष दिले गेले आहे. या प्रश्नांची उत्तरे देणारे एक साधन आज झपाट्याने नाहीसे होत आहे. ते म्हणजे रेल्वेच्या उपाहारगृहांत, भोजनयानांत आणि विश्रांतिकक्षांत वापरली गेलेली भांडी : काटे, चमचे, सुऱ्या, चहादाण्या, साखरदाण्या, तबके आणि चिनी मातीच्या बशा.

गेल्या काही दशकांत अशा वस्तूंचा संग्रह करणाऱ्यांचा एक वर्ग जगभर निर्माण झाला आहे. ब्रिटन आणि अमेरिकेत रेल्वे कंपन्यांची अक्षरे कोरलेल्या भांड्यांचे स्वतंत्र लिलाव होतात. आपल्याकडे ही आवड मर्यादित असली, तरी मोठ्या शहरांतील जुन्या बाजारांत रेल्वेची भांडी ‘ब्रिटिशकालीन’ या विशेषणासह विकली जातात. प्रस्तुत लेखात खानदेशाच्या, म्हणजे मुख्यतः आजच्या जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या संदर्भात या वस्तूंचे ऐतिहासिक मूल्य तपासण्याचा प्रयत्न केला आहे. या भांड्यांचे मोल त्यांच्या धातूत नसून त्यांच्यासोबत येणाऱ्या माहितीत आहे, आणि ती माहिती वस्तूच्या आधी नष्ट होते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. खानदेशातील लोहमार्गाच्या विकासाच्या संदर्भात रेल्वे उपाहारगृहांचे स्थान स्पष्ट करणे.
२. उपाहारगृहातील भांड्यांचे धातू, छाप व खुणा यांच्या आधारे कालनिश्चिती कशी करता येते, याचा विचार करणे.
३. या भांड्यांतून व्यक्त होणाऱ्या वर्गीय व जातीय भेदांचा वेध घेणे.
४. संग्रह व नोंदणी यांसंबंधी काही सूचना मांडणे.

लेखाची मांडणी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीने केली आहे.

खानदेशातील लोहमार्ग आणि भोजनाचे थांबे

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजेच जी.आय.पी. रेल्वे, ही कंपनी १८४९ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कायद्याने स्थापन झाली. तिच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारने दिली होती. १८६० च्या दशकात हा मार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव यामार्गे भुसावळला पोहोचला. भुसावळ येथे त्याला दोन फाटे फुटले. एक फाटा १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. दुसरा खंडवा, इटारसीमार्गे जबलपूरला गेला आणि १८७० मध्ये तेथे ईस्ट इंडियन रेल्वेशी जोडला जाऊन मुंबई ते कलकत्ता हा सलग मार्ग तयार झाला. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर चाळीसगाव ते धुळे हा सुमारे ५६ किलोमीटरचा फाटा आणि सुरतेहून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर या बाजूने येणारा ताप्ती खोऱ्यातील मार्ग हे दोन्ही सुरू झाले. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे विभाजन होऊन जळगाव व धुळे ही दोन मुख्य ठाणी झाली, तेव्हा दोन्ही ठाणी लोहमार्गावर आलेली होती.

या जाळ्यात भुसावळचे स्थान विशेष होते. मुंबईपासून सुमारे ४४० किलोमीटर अंतरावरील या जंक्शनवर इंजिने बदलली जात, कर्मचाऱ्यांच्या पाळ्या बदलत आणि गाड्या अधिक वेळ थांबत. प्रारंभीच्या काळात एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाण्याची सोय नसल्याने धावत्या गाडीत जेवण मिळणे शक्य नव्हते. त्यामुळे भोजनाच्या वेळा साधून मोठ्या स्थानकांवर गाडी थांबविली जाई आणि वरच्या वर्गाचे प्रवासी उतरून उपाहारगृहात जेवत. पुढील स्थानकावर किती जणांचे जेवण लागेल, हे तारेने आगाऊ कळविण्याची पद्धत होती. ठरावीक मिनिटांत अनेक प्रवाशांना सूप, मांसाहारी पदार्थ, पुडिंग व चहा असे क्रमाने वाढून पुन्हा गाडीत पाठवावयाचे, तर भांड्यांचा साठा भरपूर, एकसारखा आणि टिकाऊ असणे भाग होते. विसाव्या शतकात भोजनयाने रूढ झाली आणि या थांब्यांचे महत्त्व हळूहळू कमी झाले. १९१२ पासून धावणारी आणि भुसावळमार्गे जाणारी पंजाब मेल ही या नव्या युगातील लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी एक होय.

भोजनव्यवस्था बहुतांशी कंत्राटदारांकडे असे. ईस्ट इंडियन रेल्वेवर केल्नर, दक्षिणेकडील मार्गांवर स्पेन्सर, तर जी.आय.पी. मार्गावर ब्रँडन आणि कंपनी ही नावे प्रसिद्ध होती. बंगाल नागपूर रेल्वेने पुरी येथे स्वतःचे हॉटेल चालविले. खानदेशात मात्र रेल्वेची वसतिव्यवस्था प्रामुख्याने स्थानकातील विश्रांतिकक्षांपुरती मर्यादित राहिली. त्यामुळे येथील संग्राहकाला भव्य हॉटेलांच्या स्मृतिवस्तूंऐवजी स्थानकावरील टेबलाच्या साध्या, वापरून झिजलेल्या वस्तूंचा विचार करावा लागतो.

धातू, छाप आणि कालनिश्चिती

रेल्वेच्या ज्या भांड्यांना बोलताना ‘चांदीची’ म्हटले जाते, ती बहुधा चांदीची नसतात. तांबे, जस्त व निकेल यांच्या मिश्रधातूवर विजेच्या साहाय्याने चांदीचा पातळ मुलामा चढवून ती तयार केलेली असतात. या मिश्रधातूला ‘जर्मन सिल्व्हर’ असे म्हणत. नावात चांदी असली तरी त्यात चांदीचा अंशही नसतो. मराठी बोलीत ‘जर्मनची भांडी’ म्हणजे ॲल्युमिनियमची भांडी असा अर्थ रूढ आहे, त्यामुळे जुन्या घरगुती याद्या वाचताना हा घोटाळा टाळणे आवश्यक ठरते. विजेने मुलामा देण्याच्या पद्धतीचे पेटंट बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये घेतले. म्हणजे हे तंत्र व्यापारी वापरात येणे आणि भारतात रेल्वेची उभारणी होणे या जवळजवळ समकालीन घटना आहेत. एल्किंग्टनखेरीज मॅपिन अँड वेब, वॉकर अँड हॉल या इंग्लंडमधील उत्पादकांची नावे अशा भांड्यांच्या संदर्भात महत्त्वाची आहेत.

मुलाम्याच्या भांड्यांची निवड व्यवहार्य होती. ती गंजत नसत, पडली तरी फुटत नसत आणि मुलामा उडाल्यावर पुन्हा चढविता येत असे. आपल्याकडील पितळी भांड्यांना वेळोवेळी कल्हई करावी लागे, तोच हा प्रकार. फरक इतकाच की, कल्हईवाला दारावर येत असे आणि हा मुलामा कारखान्यात चढविला जाई.

भांड्याच्या मागील बाजूस सामान्यतः तीन प्रकारच्या खुणा आढळतात : उत्पादकाचे नाव किंवा चिन्ह, धातूचा व मुलाम्याचा दर्जा सांगणारी अक्षरे आणि मालकाची अक्षरे. मालकाची अक्षरे पुष्कळदा दर्शनी भागावरही असतात. कालनिश्चितीच्या दृष्टीने या तिन्हींचे मूल्य सारखे नाही. जी.आय.पी. रेल्वेचे व्यवस्थापन १९२५ मध्ये सरकारने कंपनीकडून स्वतःकडे घेतले, परंतु रेल्वेचे नाव तेच राहिले. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे अस्तित्वात येईपर्यंत ही अक्षरे प्रचारात होती. म्हणून केवळ ‘जी.आय.पी.’ अशी अक्षरे आहेत, एवढ्यावरून ते भांडे १८७० चे की १९४० चे हे सांगता येत नाही. तेथे उत्पादकाची खूण उपयोगी पडते. एल्किंग्टनसारखे उत्पादक आपल्या मालावर वर्षनिदर्शक अक्षर उमटवीत असत. याउलट, ज्या वस्तूवर मध्य रेल्वेची अक्षरे आहेत आणि जी ‘ब्रिटिश काळातील’ म्हणून विकली जात आहे, तिच्याविषयीचा दावा १९५१ या एका वर्षाच्या आधारे निकालात काढता येतो.

जळगाव परिसरासाठी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. सुरतेकडून येणारा ताप्ती खोऱ्याचा मार्ग बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेकडून चालविला जात असे. त्यामुळे जळगावात दोन भिन्न रेल्वे व्यवस्था एकत्र येत होत्या. या परिसरात सापडणाऱ्या भांड्यावर कोणत्या रेल्वेची अक्षरे आहेत, यावरून ते कोणत्या बाजूने आले याचे अनुमान करता येते. त्याचप्रमाणे भांड्यावर रेल्वेची अक्षरे आहेत की कंत्राटदाराचे नाव, यावरून त्या साठ्याची मालकी कोणाकडे होती, हा आर्थिक इतिहासातील प्रश्न पुढे येतो.

झीज हीदेखील एक नोंदच असते. उजव्या हाताने सूप पिणाऱ्यांच्या चमच्याची कड एका बाजूने अधिक झिजते. चमच्याच्या पाठीवर, जेथे तो टेबलावर टेकतो, तेथे मुलामा प्रथम उडतो व खालचा पिवळसर धातू दिसू लागतो. संग्राहक अनेकदा अशा भांड्याला नव्याने मुलामा देऊन चकचकीत करतात. वस्तू देखणी होते, पण पन्नास-साठ वर्षांच्या वापराचा पुरावा त्याखाली झाकला जातो. जोराने घासल्यास पुसट छापही कायमचे जातात.

टेबल कोणासाठी होते?

संग्राहकांच्या लेखनात रेल्वेच्या टेबलाविषयी एक हळवी भावना आढळते. शुभ्र चादर, चकाकणारे काटे-चमचे, फेटा बांधलेला बेरा असे चित्र रंगविले जाते. हे चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. रेल्वेच्या प्रवाशांत फार मोठी संख्या तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांची होती आणि त्यांच्यासाठी हे टेबल नव्हते. महात्मा गांधींनी १९१७ मध्ये तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर लिहिलेल्या पुस्तिकेत स्थानकांवर मिळणाऱ्या खाद्यपदार्थांच्या व चहाच्या अस्वच्छतेची तक्रार केली आहे. एकाच फलाटावर एका दाराआड मुलाम्याची चहादाणी होती आणि दाराबाहेर तिसऱ्या वर्गाचा हा चहा होता.

वर्गभेदाला जातिभेदाची व धर्मभेदाची जोड होती. अनेक स्थानकांवर युरोपीय, हिंदू व मुसलमान अशी वेगळी उपाहारगृहे होती. ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशी पाण्याचीही विभागणी होती. परक्याच्या हातचे व परक्या भांड्यातले न खाण्याचे नियम पाळणारा मराठी प्रवासी आपली शिदोरी बरोबर घेई. दशम्या, चटणी, कळण्याची भाकरी आणि फिरकीचा तांब्या हे त्याचे भोजनयान होते. फिरकीच्या झाकणाचा हा तांब्या प्रवासात पाणी सांडू देत नसे आणि सोवळेही सांभाळीत असे. रेल्वेच्या भोजनसंस्कृतीचा संग्रह करावयाचा झाल्यास इंग्लंडहून आलेल्या चहादाणीशेजारी हा तांब्याही ठेवला पाहिजे. तो रेल्वेच्या मालकीचा नव्हता, पण तोही रेल्वेच्या इतिहासाचाच भाग आहे.

ज्यांना शिदोरी असूनही पाणी मिळण्याची शाश्वती नव्हती, अशांचा इतिहास या भांड्यांत प्रत्यक्ष दिसत नाही. तो त्यांच्या अभावातून वाचावा लागतो. या संदर्भात चाळीसगाव येथील एक घटना उल्लेखनीय आहे. १९२९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून धुळे भागातील बहिष्काराच्या प्रकरणाची चौकशी करण्यास गेले होते. परतताना चाळीसगाव स्थानकावर तेथील महार बांधवांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. स्थानकापासून वस्तीपर्यंत नेण्यास टांगेवाले तयार झाले नाहीत, कारण अस्पृश्य प्रवाशाचा टांगा हाकणे त्यांना कमीपणाचे वाटत होते. अखेर टांगा भाड्याने घेऊन वस्तीतीलच एका अननुभवी माणसाने तो हाकला. पुलावर अपघात झाला आणि डॉ. आंबेडकरांच्या पायाचे हाड मोडले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात त्यांनी हा प्रसंग नोंदविला आहे.

या प्रसंगाचा भांड्यांशी थेट संबंध नाही, परंतु त्यातून रेल्वेच्या समतेची मर्यादा स्पष्ट होते. तिकीट विकताना रेल्वे जात विचारीत नव्हती, पण स्थानकाच्या दाराबाहेर समाज ती विचारीत होता. पाण्याच्या विभागणीच्या रूपाने तो प्रश्न फलाटावरही उभा होता. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांत प्रवेश करण्याच्या बाबतीत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून भेद करण्यास मनाई करण्यात आली, आणि १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियमाने असा भेद शिक्षापात्र ठरविला. म्हणून १९४० च्या आणि १९६० च्या चमच्यांत धातूचा फरक नसेलही, पण तो चमचा उचलण्याचा अधिकार कोणाला होता, यात फार मोठा फरक आहे. संग्राहकाच्या नोंदीत वर्षाला महत्त्व येते ते यामुळे.

या टेबलामागे काम करणाऱ्यांचाही विचार आवश्यक आहे. आचारी, बेरे, भांडी घासणारे मसालची, पाणीवाले यांची नावे क्वचितच कोठे आढळतात. भुसावळसारख्या रेल्वेवरच वाढलेल्या गावात त्यांच्या पुढील पिढ्या आजही असणे स्वाभाविक आहे. भांड्यासोबत येणारी कौटुंबिक आठवण हा अशा कामगारांच्या इतिहासाचा कदाचित एकमेव दुवा असू शकतो.

नाहीसे होण्याची प्रक्रिया

स्वातंत्र्योत्तर काळात रेल्वेच्या भोजनव्यवस्थेत मूलभूत बदल झाले. रेल्वेने खात्यामार्फत भोजनव्यवस्था चालविण्यास प्रारंभ केला, पोलादी भांडी आली आणि १९९९ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन रेल्वे केटरिंग अँड टुरिझम कॉर्पोरेशनच्या काळात एकदा वापरून टाकावयाच्या वेष्टनांचे प्रमाण वाढले. मुलाम्याची भांडी निरुपयोगी ठरली. निकामी साहित्य लिलावाने काढणे ही रेल्वेची नेहमीची पद्धत आहे आणि लिलावातील धातूचा शेवट बहुधा भट्टीत होतो.

घरांत राहिलेल्या वस्तूंची गत वेगळी असली, तरी शेवट तोच. जळगावची ओळख सोन्या-चांदीच्या बाजारपेठेची आहे. आजोबांच्या पेटीतील जड, पांढरा चमचा कोणी सराफाकडे नेला, तर कसोटीवर त्यात चांदी नाही असे कळते. मुलाम्यातील चांदी इतकी थोडी असते की, ती वेगळी काढणे परवडत नाही. मग तो चमचा मोडीच्या भावाने जातो. सराफाचा निर्णय व्यापाराच्या दृष्टीने अचूक असतो. इतिहासाच्या दृष्टीने मात्र वस्तूची परीक्षा चुकीच्या कसोटीवर झालेली असते.

दुसरा धोका संग्राहकांच्या बाजारातून येतो. तेथे वस्तू टिकते, पण ती भुसावळची की अन्य कोठली, कोणाच्या घरातून आली, हे मध्यस्थांच्या साखळीत पुसले जाते. अशा वस्तूला सजावटीचे मूल्य उरते, पुराव्याचे उरत नाही.

या व्यवहाराला कायद्याची बाजूही आहे. रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) अधिनियम, १९६६ नुसार चोरीची असल्याचा वाजवी संशय असलेली रेल्वेची मालमत्ता बाळगणे हा गुन्हा आहे. त्यामुळे लिलावाची पावती, खरेदीचा कागद किंवा वस्तू कशी मिळाली याचा लेखी तपशील प्रामाणिक संग्राहकाचेही संरक्षण करतो. शिवाय, १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार किमान १०० वर्षे जुन्या, ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू खाजगीरीत्या देशाबाहेर पाठविता येत नाहीत. १९२० पूर्वीच्या रेल्वे भांड्यांचा विचार करताना ही कालमर्यादा आता लक्षात घ्यावी लागेल.

संग्रहाची खानदेशी परंपरा

संग्रहाची परंपरा खानदेशाला नवी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी महाराष्ट्रभर हिंडून घराघरांतील दप्तरे मिळविली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध केली. १९२६ मध्ये त्यांचे धुळे येथे निधन झाल्यानंतर १९२७ मध्ये तेथेच राजवाडे संशोधन मंडळाची स्थापना झाली. शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ वाङ्मयाची हस्तलिखिते मिळवून धुळ्याच्याच श्री समर्थ वाग्देवता मंदिराच्या रूपाने त्यांचे जतन केले. सामान्य गृहस्थाच्या माळ्यावरील रुमालातही इतिहास असतो, हे या मंडळींनी दाखवून दिले. दैनंदिन वापराच्या वस्तूंच्या बाबतीत तीच दृष्टी पुण्यात दिनकर केळकर यांनी स्वीकारली. दिवे, अडकित्ते, भांडी अशा वस्तूंचा त्यांचा संग्रह पुढे राज्य शासनाकडे सुपूर्द झाला आणि राजा दिनकर केळकर संग्रहालय म्हणून ओळखला जातो.

राजवाड्यांची पद्धती आणि केळकरांचा विषय यांचा मेळ घालून खानदेशातील रेल्वेवस्तूंचे काम करता येण्यासारखे आहे. त्यासाठी मोठ्या इमारतीची वा वस्तू विकत घेण्याची प्रथमतः आवश्यकता नाही. वस्तू ज्याच्या घरी आहे तेथेच राहू द्यावी आणि तिची नोंद करावी. नोंदीत वस्तूचे नाव, माप, वजन, सर्व छापांची छायाचित्रे, झिजेचे स्वरूप, वस्तू कोणाकडून व कोणत्या वर्षी मिळाली, सोबतचे कागद आणि सांगणाऱ्याच्या शब्दांत तिची हकिकत या बाबी असाव्यात. मालकाची इच्छा नसल्यास त्याचे नाव प्रसिद्ध करू नये. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील इतिहास विभागांना पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून भुसावळ, जळगाव, चाळीसगाव, अमळनेर व धुळे येथे हे काम करता येईल.

निष्कर्ष

१. रेल्वे उपाहारगृहांतील भांडी ही खानदेशातील रेल्वेच्या सामाजिक व आर्थिक इतिहासाची प्राथमिक साधने आहेत.
२. मालकीच्या अक्षरांवरून मिळणारी कालनिश्चिती स्थूल असते. उत्पादकाच्या खुणा, झीज व प्राप्तीचा वृत्तान्त यांची जोड मिळाल्यासच ती विश्वसनीय ठरते.
३. या भांड्यांचा अभ्यास वर्ग, जात व श्रम यांच्या संदर्भाशिवाय केल्यास तो केवळ गतवैभवाचे स्मरण ठरतो. टेबलावर बसलेल्यांइतकाच टेबलापर्यंत पोहोचू न शकलेल्यांचा विचार त्यात आला पाहिजे.
४. वस्तू टिकविण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, तिची माहिती टिकविणे निकडीचे आहे. वस्तू हातोहात फिरूनही शिल्लक राहू शकते. तिची हकिकत सांगणारी पिढी मात्र आता वार्धक्यात आहे, आणि नोंदीचे काम तिच्या हयातीतच व्हावयास हवे.